टिकली आणि काकडआरती

पद्मजा उपळेकरांचा एक नेम होता. देवापुढे निरांजन लावून झालं, की चहाचा घोट घ्यायच्या आधी त्या संगणकापुढे बसत आणि कुणातरी एकाच्या शंकेचं उत्तर देत. एकाच्याच, पण पुरतं. शंका कुठूनही यायची. कधी ब्राझीलमधला विद्यार्थी विचारायचा, कधी व्हिएतनाममधली परिचारिका, कधी हुबळीच्या पंप कारखान्यातला फोरमन. हे सगळे वापरत होते तो प्रोग्रॅम एकच, 'जवारी'. तो पद्मजाताईंनी लिहिला होता. निदान सुरुवात तरी त्यांची. पुढे इतक्या लोकांनी त्यात भर घातली, की आता त्या स्वतःला त्याच्या लेखिका न म्हणता राखणदार म्हणत.

"माझी पूजा अर्ध्या तासात आटोपते," त्यांच्या सासूबाई, माई, म्हणायच्या. "हिचा देव मात्र रोज नवी शंका काढतो."

त्या गुरुवारी उत्तर देऊन त्या उठल्या, तर लेक ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा कप होता आणि तो तिने आईपुढे धरला. ऋजुता आपणहून चहा आणून देते म्हणजे काम अवघड आहे, हे पद्मजाताईंना कळलं.

"आई, कंपनीने तुझ्यासाठी एक करार पाठवलाय."

ऋजुता पुण्याच्या 'सुस्पंद' कंपनीत होती. जर्मनीतली चांगली नोकरी सोडून ती परत आली आणि कंपनीचं छोटं केंद्र तिने मिरजेत उभं केलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. सुस्पंदची टिकली आता घरोघरी दिसायची. रुपयाएवढी, पातळ, छातीवर डावीकडे चिकटवायची. ती रात्रंदिवस हृदय ऐकत राही आणि झडपेत कुठे बारीकशी गळती सुरू झाली, तर माणसाला कळायच्या आधी दवाखान्याला कळवी. टिकलीतला ऐकणारा मेंदू म्हणजे 'जवारी' होती.

"करार कसला?" पद्मजाताईंनी विचारलं.

"तू 'जवारी'ची राखण सोडायची आणि फक्त आमच्यासाठी काम करायचं. आजवर लोकांना जे दिलंस ते लोकांचंच राहील, ते तर कुणालाच परत घेता येत नाही. पण यापुढच्या सुधारणा आमच्या आवृत्तीत."

"म्हणजे विहीर गावाची, पण गाळ काढायचा नाही."

"तू लगेच विहिरीवर जाऊ नकोस," ऋजुता म्हणाली. "त्यांची बाजू ऐक. पैसे घालणारे लोक विचारतात, तुमच्या कंपनीचं असं नेमकं काय आहे? टिकलीतला मेंदू तर कुणीही फुकट उचलतो. सुरतेची ती कंपनी तोच मेंदू वापरून निम्म्या किमतीत टिकली विकते. आमच्या प्रमुख कर्णिकसाहेबांनी त्यांना काय सांगावं?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

ऋजुताने कपाखालची बशी उगाच फिरवली. "तर मिरजेचं केंद्र मार्चअखेर बंद. इथे ते तुझ्यासाठीच ठेवलंय, हे मलाही उशिरा कळलं. मग मी हैदराबादला."

आतून माईंच्या जपाची माळ थांबल्याचं दोघींनाही कळलं. माईंना ऐकू कमी येई, पण हव्या त्या गोष्टी येत.

*

पद्मजाताई संध्याकाळी सतारमेकर गल्लीत गेल्या. इस्माईलभाई एका तंबोऱ्याची घोडी मांडीवर घेऊन कानस फिरवत बसले होते. 'जवारी'चा जन्म याच दुकानातला.

तंबोऱ्याची तार छेडली की ती घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर निसटती टेकत राहते. त्यामुळे मूळ स्वरातून बारीक बारीक उपस्वर उमलतात आणि तार नुसती वाजत नाही, झणझणते. त्या झणझणीला जवारी म्हणायचं. इस्माईलभाईंचे तंबोरे परदेशी जात आणि तिकडच्या हवेत त्यांची जवारी बिघडे. गिऱ्हाईक आवाज मुद्रित करून पाठवी. कुठे घासायचं ते त्या आवाजावरून सांगता यावं, म्हणून पॉलिटेक्निकात संगणक शिकवणाऱ्या पद्मजाताईंनी एक प्रोग्रॅम लिहिला. आवाज मोजणारी बहुतेक यंत्रं झणझण म्हणजे कचरा समजून पुसून टाकतात. हा प्रोग्रॅम उलट वागे. मूळ स्वर बाजूला सारून तो झणझणच वेचून बघे. काम झाल्यावर पद्मजाताईंनी तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवून दिला. घ्या, उघडून बघा, बदला, आणि चांगलं काही सुचलं तर परत पाठवा.

मग मिरजेतच शिकणाऱ्या एका तरुण डॉक्टरला सुचलं, की हृदयाच्या ठोक्यांनाही तो लावून बघावा. झडप नीट मिटत नसेल, तर ठोक्यामागे रक्ताची एक अगदी बारीक फुसफुस उरते. तीही झणझणच. प्रोग्रॅमने ती अचूक वेचली. पद्मजाताईंच्या स्वप्नातही हे आलं नव्हतं. पुढे कुणी तो पंपांना लावला, कुणी पुलांना, कुणी मधमाश्यांच्या पेट्यांना.

"आमचे दादा जवारी काढायला बसले की दार लावून घ्यायचे," इस्माईलभाई म्हणाले. "पोटच्या पोराशिवाय कुणाला उभं करायचे नाहीत. हुन्नर बाहेर गेलं की भाकरी गेली, असं म्हणायचे."

"मग तुम्ही मला कसं बसू दिलंत?"

"तोवर गल्लीत जवारी काढणारे हातच उरले नव्हते, ताई. दार कुणासाठी लावायचं?" त्यांनी कानस खाली ठेवली. "पण माझं ऐकून ठरवू नका. माझी पोरगी गल्लीच्या टोकाला दिलीय, रोज डबा घेऊन येते. तुमचा जीव कुठं अडकलाय ते मला दिसतंय."

इस्माईलभाईंनी घोडी बसवून तार छेडली. अजून थोडी कोरडी होती. त्यांनी ती पुन्हा काढली.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋजुताला उत्तर दिलं.

"माझं एकटीचं असतं तर तुला देऊन टाकलं असतं. पण त्यात कितीतरी लोकांचे हात आहेत. त्यांनी माझ्याकडे किल्ली ठेवलीय, घर नाही दिलं."

"आई, त्यातल्या निम्म्या लोकांना तू पाहिलेलंसुद्धा नाहीस."

"किल्ली ठेवून घेताना मी आधी तोंड दाखवा असं म्हटलं नव्हतं."

ऋजुता हळूच म्हणाली, "रोज सकाळी एका परक्या माणसाची शंका सोडवतेस. एक दिवस माझी सोडव ना."

ते वाक्य पद्मजाताईंना फार लागलं. लेकीने चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी रात्रीचं जेवण घेतलं नाही. माईंनी विचारलं तर म्हणाल्या, उपास आहे. माईंनी कुठला ते विचारलं नाही.

सुस्पंदने मग स्वतःची वाट धरली. 'जवारी'ची एक प्रत घेऊन कंपनीने ती आपल्या कुलपात ठेवली, तिची मांडणी आपल्या सोयीने बदलली आणि बाहेरून येणाऱ्या सुधारणा घेणं थांबवलं. नियमाने त्यात गैर काहीच नव्हतं. मोकळी वस्तू घरी नेऊन कुलपात ठेवायलाही ती मोकळीच असते. ऋजुता हैदराबादेत घर शोधू लागली. मायलेकी एकमेकींशी नीट बोलत होत्या, भाजी काय करायची, गॅसवाला आला का. त्याहून जास्त काही नाही.

*

कोजागिरी झाली आणि काकडआरत्या सुरू झाल्या. काकडआरतीला जायचा माईंचा शिरस्ता होता, आणि ऐंशी उलटल्यापासून त्यांना रामाच्या देवळात सोडायला कुणीतरी लागे. त्या दिवशी ऋजुता गेली होती. अजून उजाडायचं होतं. भजनी मंडळ रंगात आलं होतं, माईंच्या हातात टाळ होते, आणि तेवढ्यात देवळाच्या दाराशी रुग्णवाहिका येऊन थांबली. दोघे जण स्ट्रेचर घेऊन आत आले.

"शांताबाई उपळेकर कोण?"

माईंनी टाळ न थांबवता मान हलवली.

"आजी, चला. तुमची टिकली सांगतेय, हृदयाची झडप गळतेय."

"गळू दे थोडा वेळ," माई म्हणाल्या. "कापूर लावायचा राहिलाय."

तो माणूस गोंधळला. त्याच्या हातातलं यंत्र पुन्हा वाजलं. त्याने बघितलं आणि विचारलं, "इथे गोदावरी शेटे कोण आहेत?" मग मृदंग वाजवणाऱ्या बुवांचं नाव आलं. मग पुजाऱ्यांचं. थोड्या वेळाने दुसरी रुग्णवाहिका आली, आणि तिच्यातल्या लोकांनी पहिल्यांना विचारलं, देवळात विषारी वायू वगैरे काही आहे का.

"मी तर ठणठणीत आहे," भजनातल्या विमलकाकू म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा करून आपली टिकली दाबून पाहिली. "माझी सुरतेची, स्वस्तातली. तिला बहुतेक आरतीची सवय असावी."

सगळे हसले. ऋजुता हसली नाही. तिचा फोन केव्हापासून खिशात थरथरत होता. वाई, नांदेड, पैठण, सावंतवाडी. जिथे जिथे काकडआरती, तिथे तिथे सुस्पंदची टिकली लावलेली माणसं एकाएकी आजारी ठरत होती. नियंत्रण कक्षातल्या मुलीचा आवाज रडवेला झाला होता. "मॅडम, एकेका गावातून अख्खं भजनी मंडळ येतंय. खरोखरच्या रोग्यासाठी गाडी उरली नाही तर काय करायचं?"

ती भीती खरी होती. एखाद्या गावात एखाद्याची झडप खरंच फाटत असेल आणि गाडी मात्र देवळापुढे उभी असेल.

*

ऋजुता माईंना घेऊन घरी आली तेव्हा निरांजन लागलं होतं आणि पद्मजाताई संगणकापुढे बसल्या होत्या. ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली.

"आई, आज माझी शंका घेशील?"

पद्मजाताईंनी पडद्यावरची खिडकी मिटली. "सांग."

सगळं ऐकल्यावर त्यांनी 'जवारी'तला एक तुकडा उघडला. आदिस अबाबाच्या तेस्फाये नावाच्या एका इंजिनिअरने तो सुस्पंदने बाहेरचं घेणं थांबवल्यावर पाठवला होता. त्यांच्याकडेही पहाटेच्या आधी चर्चमध्ये ढोलाच्या ठेक्यावर तासन्‌तास स्तोत्रं म्हणतात, आणि तिथल्या गायकांचीही हीच गत झाली होती.

"टिकली फुसफुस ओळखते कशी? जी झणझण ठोक्याच्या तालात येते ती हृदयाची, बाकीची बाहेरची," त्या म्हणाल्या. "बोलणं, खोकणं, रस्त्यावरचा गोंगाट यांना हृदयाचा ताल नसतो, म्हणून ते गाळता येतं. पण आरतीत लांब सूर छातीत घुमतो, आणि टाळांचा ठेका असतो जवळजवळ नाडीच्याच गतीचा. गाता गाता नाडीही ठेक्याशी जुळते. मग टिकलीला वाटतं, हा सूर झडपेतूनच येतोय. तेस्फायेने सूर गळ्यातून उठलाय की झडपेतून, ते ओळखायची युक्ती काढली."

"आमच्या प्रयोगशाळेत सगळं तपासलं होतं," ऋजुता म्हणाली. "खोकला, घोरणं, बस, मिक्सर. तासभर ताल धरून कुणी गाईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"एका प्रयोगशाळेत किती येईल डोक्यात."

ऋजुताने पडद्यावरचा तुकडा वाचला. "हे आम्हाला घेता येईल?"

"कुणालाही घेता येतं. तुम्ही 'कुणीही'त येता."

पण घेणं सोपं नव्हतं. कुलपातल्या प्रतीची मांडणी इतकी बदलली होती, की तेस्फायेचा तुकडा तिच्यात बसेना. दुसऱ्याच्या मापाचं झाकण आपल्या डब्याला लावावं, तसं व्हायचं. आदिस अबाबाहून तेस्फाये फोनवर हजर झाला, पुण्याचे दोघे आले, आणि मायलेकी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसल्या.

"ही ओळ इथून कुणी हलवली?"

"मी," ऋजुता म्हणाली.

"का ग?"

"नीटनेटकी दिसावी म्हणून."

"लहानपणी कपाटही असंच आवरायचीस. मग आठवडाभर कुणाला काही सापडायचं नाही."

ऋजुता हसली, आणि घरात खूप दिवसांनी कुणीतरी हसलं असं माईंना वाटलं. त्या मुद्दाम उठून दोघींच्या पुढ्यात शेंगदाण्याचा लाडू ठेवून गेल्या. ते काम पुरं व्हायला दिवाळी मध्ये येऊन गेली. तोवर सुस्पंदने सगळ्या मंडळांना आरतीपुरती टिकली काढून ठेवायला सांगितलं होतं, आणि माईंनी ते साफ नाकारलं होतं. आजारी पडायचं तर देवळातच पडू, असं त्यांचं म्हणणं.

*

कार्तिक सरता सरता सुस्पंदचे प्रमुख परितोष कर्णिक स्वतः मिरजेला आले. माईंनी त्यांना निरखून पाहिलं.

"तुम्हीच का ते, मला आरतीतून उठवणारे?"

"उठलात कुठे तुम्ही," कर्णिक म्हणाले. "आमच्या माणसाने लिहून दिलंय, रुग्णाने सहकार्य केलं नाही."

माईंना तो माणूस पसंत पडला. त्यांनी त्याला आणखी चिवडा वाढला.

"मॅडम," कर्णिक पद्मजाताईंकडे वळले, "मी दानधर्माच्या भावनेने आलो नाही, हे आधीच सांगतो. जगात माणसं कुठे कुठे कशी गातात, कशी झोपतात, कशी ओझी वाहतात, हे सगळं एकट्याने शोधायचं तर मला एक गाव नोकरीला ठेवावं लागेल. तुमच्याकडे ते गाव आयतं आहे. मी त्याला कुंपण घातलं, आणि मीच बाहेर राहिलो."

"मग पैसे घालणाऱ्यांना काय सांगणार?"

"हेच, की ऐकणं सगळ्यांचं एक असू दे. नवी मुलं 'जवारी' शिकूनच येतात, त्यांना पुन्हा शिकवावं लागत नाही. इस्पितळंही विचारतात, आत काय आहे ते दाखवा; दाखवता आलं की त्यांचा विश्वास बसतो. आमची चढाओढ दुसरीकडे. टिकली घामाने निघू नये, बॅटरी टिकावी, डॉक्टर वेळेवर पोचावा. तिथे सुरतेला आम्ही हरवूच." त्यांनी चिवड्याची बशी बाजूला ठेवली. "सुरतवाल्यांशी बोललो. तेही तयार आहेत. एक सामाईक निधी काढायचा, त्यातून 'जवारी'ची देखभाल. आमच्या कुलपातलं चांगलं असेल ते आम्ही परत पाठवू. त्यांनीही पाठवायचं. फक्त एक विनंती. राखणदारांत आमचं एक माणूस असावं, इथेच मिरजेत, विभागप्रमुख म्हणून. ऋजुता."

ऋजुताने आईकडे पाहिलं. पद्मजाताईंना त्या क्षणी हो म्हणायचा फार मोह झाला. लेक घरात राहणार होती, मोठ्या पदावर, मिरजेत. एवढंच तर त्यांनी मागितलं होतं, रोज, निरांजन लावताना.

"तुमचं माणूस नको," त्या म्हणाल्या. "माणूस चालेल, पण तुमचं नको. राखणदाराचा पगार एका घरातून आला, की त्याची मान त्याच घराकडे वळते. उद्या सुरतवाले विचारतील, आमचं का नाही."

ऋजुता उठली. पाण्याचा तांब्या भरून आणला, सगळ्यांच्या पेल्यांत ओतला, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मग मी सुस्पंद सोडते. निधीतून मिळेल त्यात भागवीन."

"पगार कमी होईल," कर्णिक म्हणाले. "विभागप्रमुखाचं पदही जाईल."

"हैदराबादही जाईल ना?"

"ते तर जाईलच."

"मग हिशेब जमतो," ऋजुता म्हणाली.

"तुझ्याजागी दुसरं कुणी मिळायचं नाही मला," कर्णिक जरा खिन्नपणे म्हणाले.

"काम तर तुमच्याही उपयोगाचंच करणार आहे. फक्त तुमचं ऐकणार नाही."

*

पौषात निधीचं काम मार्गी लागलं. सुरतेच्या एका मुलाने घोरण्यावर सुंदर तुकडा पाठवला, तो सुस्पंदच्या टिकलीत गेला. सुस्पंदने बॅटरी वाचवायची एक खुबी परत दिली, ती सुरतेने घेतली. आपापल्या जाहिरातींत मात्र दोघेही एकमेकांना टोमणे मारत राहिले.

राखणदार आता चार होते. एकाने पाठवलेली दुरुस्ती दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत घ्यायची नाही, असा नियम ऋजुताने पहिल्याच बैठकीत करून घेतला. तोवर पद्मजाताई आपल्या दुरुस्त्या आपणच आत घेत. त्यांना कोण विचारणार होतं.

रथसप्तमीच्या सकाळी त्यांनी एक छोटीशी सुधारणा पाठवली. त्यांच्या मते ती इतकी साधी होती, की तपासायलाही नको. अंगणात सूर्याची पूजा करून आत आल्या, तर पडद्यावर उत्तर येऊन थांबलं होतं.

'सौ. पद्मजाताई उपळेकर यांस सविनय नमस्कार. आपली दुरुस्ती मिळाली, आभारी आहोत. ती नीट चालते हे दाखवणारी चाचणी तिच्यासोबत जोडलेली नाही. शिवाय आपण बदललेली तिसरी ओळ मधमाश्यांच्या पेट्यांवर काम करणाऱ्यांना अडचणीची ठरेल. तूर्त ती स्वीकारता येत नाही. कृपया सुधारून पुन्हा पाठवावी. आपली, ऋजुता उपळेकर, राखणदार.'

पद्मजाताईंचा चेहरा तापला. तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, 'जवारी'ची पहिली ओळ जिने लिहिली ती बाई, आणि तिला चाचणी जोडायला सांगतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तिसरी ओळ वाचली. मधमाश्या खरंच त्यांच्या ध्यानात राहिल्या नव्हत्या.

भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला.

"आई," ऋजुताने स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू का ग?"

"तू घे," पद्मजाताईंनी खुर्ची पुढे ओढली. "मला वेळ लागेल."